कंपनीवाले पैसे देऊन राहिले, पोस्ट लिहायची का नाही?

शेतीवर मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्याला ‘पैसे देतो, आमच्या मालावर पोस्ट लिहा’ असे मेसेज वर्षभर सारखे येत नाहीत. मे-जूनमध्ये बियाणेवाले येतात, पऱ्हाटी (कपाशी) गुडघ्याला लागली की टॉनिक अन फवारणीवाले, अन मधल्या काळात कुठल्यातरी एजन्सीचा मेल येतो ज्यात शेतीचा एक शब्दही नसतो. आमच्या यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडं आता बरीच पोरं लिहितात, कोणी कपाशीवर, कोणी संत्र्यावर, एखादी ताई बचत गटाच्या पापड-कुरडयांवर, अन सगळ्यांचा प्रश्न एकच, पैसे घ्यायचे का? मला कोणी विचारलं की मी उलटा विचारतो, तुझं वाचून ज्यानं बाटली घेतली अन पैसे वाया गेले, तो तुला कुठं भेटणार आहे? पुण्या-मुंबईच्या ब्लॉगरला वाचक म्हणजे स्क्रीनवरचा आकडा, आपल्याला तो आठवडी बाजारात भेटतो, लग्नात पंगतीत शेजारी बसतो, अन बराच वेळा त्याचं वावर आपल्या धुऱ्यालाच लागून असतं.

पैसे घेणं वाईट असं माझं बिलकुल म्हणणं नाही. डोमेन-होस्टिंगचा खर्च आहे, रिचार्ज आहे, अन रात्रीची लाईन आली म्हणून मोटर चालू करून येऊन जो माणूस लिहायला बसतो त्याच्या वेळेलाही किंमत आहेच की. फक्त हो किंवा नाही म्हणायच्या आधी काही गोष्टी एका क्रमानं बघून घ्या, घाईत हो म्हटलं की मागं फिरता येत नाही, अन कंपनीला घाई असतेच.

पहिले बघा मेसेज कोणाचा आहे

एक मेल थोड्याफार फरकानं सगळ्यांनाच येतो. ‘हॅलो डिअर, तुमची साईट आवडली, आम्हाला एक आर्टिकल टाकायचं आहे, आर्टिकल आम्हीच देऊ, दोन लिंक, डू-फॉलो, पर्मनंट, स्पॉन्सर्ड टॅग नको, बेस्ट प्राईस सांगा.’ याला तुमचा लेख नको अन तुमचे वाचकही नको. त्याला पाहिजे फक्त तुमच्या साईटवरून त्याच्या साईटकडं जाणारी लिंक, म्हणजे गुगलमध्ये ती वर चढेल. ती साईट बहुतेक कर्जाच्या अ‍ॅपची, नाहीतर सट्टा-पत्त्यांची असते. हे सरळ डिलीट करा. पैसे घेऊन साधी लिंक ठेवणं गुगलच्या नियमात स्पॅम धरलं जातं, अन तुमची साईट खाली गेली तर ‘कपाशीवरील तुडतुडे’ असं शोधणाऱ्या माणसाला तुमचा चांगला लेखही सापडणार नाही. शिवाय पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमची जाहिरात २०२५ च्या ऑनलाईन गेमिंग कायद्यानं गुन्हा केली आहे, २ वर्षांपर्यंत कैद नाहीतर ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन-तीन हजारासाठी कोण हे डोक्यावर घेईल?

खऱ्या कंपनीची लिंक टाकायचीच असेल तर तिला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ची खूण लावायची, म्हणजे गुगलला कळते की ही लिंक पैशाची आहे. नोफॉलो २००५ पासून आहे, स्पॉन्सर्डची वेगळी खूण गुगलनं २०१९ मध्ये दिली. गुगलच्या ‘ब्लॉगर’ साईटवर लिंक टाकतानाच नोफॉलोला टिक करायची जागा असते, दोन सेकंदाचं काम. अन या खुणेला जी कंपनी नाही म्हणते तिला काय पाहिजे हे तुम्हाला कळलंच.

बाकी राहतात कंपनीचा मार्केटिंगवाला, तालुक्याचा डिस्ट्रिब्युटर अन ओळखीचं कृषी केंद्र, म्हणजे बी-खत-औषधाचं दुकान. कंपनीवाल्याशी बोलणं त्यातल्या त्यात सोपं, ओळखीचं कृषी केंद्र सगळ्यात अवघड, त्याच्यावर खाली लिहितो.

मग वस्तू हातात घ्या

इथं वेळ घालवा, बाकी सगळं नंतर. कंपनी व्हॉट्सअ‍ॅपवर जे पीडीएफ पाठवते ते वाचून काहीच ठरवू नका, दुकानात जाऊन बाटली बघा.

कीटकनाशक असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली त्याची नोंदणी पाहिजे, लेबलवर नोंदणी क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच, तयार केल्याची अन मुदतीची तारीख पाहिजे. उभ्या चौकोनात जो रंगीत त्रिकोण असतो तो बघा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, अन हिरवा सगळ्यात कमी. त्यानंतर बाटलीसोबतचं घडीचं पत्रक उघडा, जे आपल्याकडं कोणीच उघडत नाही, अक्षर मुंगीएवढं असते म्हणून मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचा. त्यात लिहिलं असते कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, हेक्टरी किती, पाणी किती, अन शेवटच्या फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं. आता कंपनीचा मजकूर याच्या शेजारी ठेवा. मजकुरात ‘तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे, बोंडअळी, सगळ्यावर एकच उपाय’ अन पत्रकात फक्त तुडतुडे अन मावा, असं निघालं तर तुम्ही फक्त तुडतुडे अन माव्याचंच लिहू शकता. कंपनीला हे मान्य नसेल तर बोलणं तिथंच संपलं.

फवारणीच्या पोस्टमध्ये आपल्या भागात तरी हलगर्जीपणा चालत नाही, काहून ते सांगायची गरज नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट, अन एकाच पंपात दोन-दोन तीन-तीन औषधं मिसळलेली. म्हणून कंपनीनं पाठवलेल्या फोटोत माणूस उघड्या अंगानं नाहीतर मास्क-हातमोज्याशिवाय फवारताना दिसला तर तो फोटो टाकायचा नाही, मग पोस्ट फोटोशिवाय गेली तरी चालेल. अन ‘कशातही मिसळून चालते’ हे वाक्य तर कोणी दुप्पट पैसे दिले तरी लिहायचं नाही.

टॉनिकवाले सगळ्यात जास्त पैसे घेऊन फिरतात, अन सगळ्यात जास्त गोंधळही तिथंच आहे. फुलगळ थांबते, बोंडं वाढतात, पीक हिरवंगार, असं सगळं एकाच बाटलीत. २०२१ मध्ये बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी अशी टॉनिकं, १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आणले, त्यामुळं आता ‘आमचं तर नैसर्गिक आहे, याला काही लागत नाही’ असं कोणी म्हणालं तर ते ऐकून घ्यायचं नाही, नोंदणीचा कागद मागायचा. कागद दोन दिवसात आला तर पुढं बोला, अन ‘पाठवतो, पाठवतो’ करत आठ दिवस गेले तर समजून जा.

बियाण्याच्या पोस्टीत ‘एकरी इतके क्विंटल’ हा दावा असतोच. कोरडवाहू का ओलिताचं, जमीन भारी का हलकी, हे न सांगता दिलेला क्विंटलचा आकडा लिहू नका. सोयाबीन असेल तर पिशवीतून १०० दाणे काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण स्वतः बघा, किमान ७० दाणे उगवायला पाहिजेत असं प्रमाणच आहे, ते फोटो पोस्टमध्ये टाका, वाचकाला कंपनीच्या चकचकीत फोटोपेक्षा ते कामाचे. अन ज्याला आपल्याकडं चोर बीटी म्हणतात त्या तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला सरकारची मंजुरी नाही, तिचं नाव न घेता आडून आडून लिहा असा निरोप आला तरी हात लावू नका.

ट्रॅक्टरचं अवजार, फवारणी पंप, ठिबक याच्यात धोका कमी, वापरून बघा अन लिहा. साखर मुळापासून घालवणारं औषध वगैरे बिलकुल नको, मधुमेहासारख्या आजारांवर इलाजाच्या जाहिरातीला औषधं अन जादूच्या उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरोधातला १९५४ चा कायदा आडवा येतो. पैसे दुप्पट करणाऱ्या स्कीमबद्दल काय लिहू, गावोगाव लोक बुडलेले आहेत.

वाचकाच्या खिशाचा हिशोब आधी, तुमचा नंतर

समजा कंपनी तुम्हाला ८,००० देते. बाटली ६५० ची, एकराला एक. तुमचं वाचून ६० जणांनी घेतली अन प्रत्येकाची तीन एकर कपाशी धरली तर १ लाख १७ हजार रुपये वाचकांच्या खिशातून गेले, त्यातले बहुतेक उधारीवर, कापूस निघाल्यावर द्यायच्या बोलीनं. आता कापूस क्विंटलला ७,००० धरला तर ६५० रुपये वसूल व्हायला एकरी सव्वानऊ किलो कापूस जास्त यायला पाहिजे, फवारणीची मजुरी वेगळी. कंपनीला हाच प्रश्न विचारा: सव्वानऊ किलोपेक्षा जास्त वाढ कोणत्या ट्रायलमध्ये दिसली, कुठल्या जमिनीवर, किती वर्षं? अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा नाहीतर आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राचा ट्रायल रिपोर्ट असेल तर दाखवा म्हणा. ‘सर, शेतकऱ्यांचे व्हिडिओ आहेत ना’ असं उत्तर आलं तर व्हिडिओ अन रिपोर्ट याच्यातला फरक त्याला माहीत आहे, तो तुम्हाला माहीत नाही असं धरून चाललाय तो.

रिपोर्ट नाही पण वस्तू कायदेशीर आहे अन तुम्हालाही उत्सुकता आहे, असं असेल तर मी एक मधला रस्ता सांगतो, मला तरी हाच सगळ्यात चांगला वाटतो. जाहिरात घेऊ नका, ट्रायलचे पैसे घ्या. एकाच वावरात, एकच वाण, एकाच दिवशीची पेरणी, त्यात चार-सहा तासांचे (तास म्हणजे पिकाची ओळ) पट्टे पाडायचे, एका पट्ट्यात त्यांचं औषध, शेजारच्या पट्ट्यात नाही, बाकी खत-पाणी-निंदण सगळं सारखं. धुऱ्याजवळचे तास सोडून द्यायचे, तिथं पीक नेहमी वेगळंच असते. दोन्हीकडं दहा-दहा झाडांना चिंधी बांधून त्यांचीच बोंडं मोजायची, अन वेचणीला दोन्ही पट्ट्यांचा कापूस वेगळ्या गाठोड्यात वेगळा तोलायचा. वेचणाऱ्या बायांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दुपारपर्यंत दोन्ही गाठोडी एक होतात. एका वावरातल्या एका हंगामावरून सगळ्या विदर्भाचं सांगता येत नाही, तेही पोस्टमध्ये लिहा. अट एकच ठेवायची: निकाल काहीही लागो, पोस्ट वेचणीनंतर अन जशी आहे तशीच जाईल. कंपनीला पोस्ट ऑगस्टमध्ये पाहिजे असते कारण विक्री ऑगस्टमध्ये, त्यामुळं बरेच जण इथंच गळतील. गळू द्या, जो थांबला त्याच्या मालावर त्याचा स्वतःचा भरवसा आहे.

भाव किती सांगायचा

दुसरा किती घेतो हे विचारून काही कळत नाही, कोणी खरं सांगत नाही. आपला वेळ मोजा. दुकानात जाणं, वावरात फोटो, लिहिणं, अन सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम म्हणजे पोस्ट टाकल्यावर येणारे फोन, ‘भाऊ डोस किती?’, ‘दादा, माझी पऱ्हाटी पिवळी पडून राहिली, हे चालते का?’ महिनाभर हे चालते. त्या सगळ्या वेळेचे पैसे लावा, गाडीचं पेट्रोल लावा, अन त्याच्या खाली उतरू नका. बाटलीमागं कमिशन मात्र मी कोणालाच घ्या म्हणत नाही, कुपन कोड वगैरे. एकदा का बाटलीमागं ४० रुपये सुरू झाले की ‘एक फवारणी पुरे’ असं लिहिताना हात अडतो, माणूस कितीही चांगला असो.

कागदावर घ्या

मोठा करार नको, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं अन समोरच्यानं ‘मान्य’ म्हटलेलं नसल्यापेक्षा बरं, मेल असेल तर उत्तम. त्यात इतकं तरी पाहिजे: अर्धे पैसे लिहायच्या आधी, बाकीचे पोस्ट गेल्यावर इतक्या दिवसात. कंपनी चुकीची माहिती दुरुस्त करायला सांगू शकते, पण मत बदलायला सांगू शकत नाही. पोस्ट किती काळ राहील. दुसऱ्या कंपनीचं लिहायचं नाही अशी अट असेल तर किती महिने, अन त्याचे वेगळे पैसे.

अन एक गोष्ट जी शहरातल्या ब्लॉगरला सुचत नाही, तुमचा फोटो. इकडं कंपन्यांना शेतकऱ्याचा फोटो पॅम्प्लेट अन फ्लेक्सवर टाकायची भारी हौस, तुम्ही बाटली धरून उभे, खाली तुमचं नाव, गाव, मोबाईल नंबर, अन ते कृषी केंद्राच्या शटरवर दोन वर्षं लटकते. पोस्ट डिलीट करता येते, तो फ्लेक्स कोण काढेल? म्हणून साफ लिहून घ्या, फोटो अन मजकूर ब्लॉगच्या बाहेर वापरायचा नाही, वापरायचा असेल तर आधी विचारून, वेगळे पैसे देऊन, अन मोबाईल नंबर कधीच नाही.

वाचकाला सांगायचं कसं

लपवायचं नाही, एवढंच. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅस्की या संस्थेनं २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले, मग ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या आधारानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना आणल्या, अन जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं सोप्या भाषेत पुस्तिका काढली. त्यातला गाभा असा की पैसे, फुकट वस्तू, प्रवास, काहीही मिळालं असेल तर ठळक सांगायचं, अन ज्या भाषेत पोस्ट त्याच भाषेत सांगायचं. मराठी पोस्टच्या शेवटी इंग्रजीत हॅशटॅगच्या गर्दीत बारीक ‘अ‍ॅड’ टाकलं म्हणजे झालं असं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्रचार करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय १ वर्ष, नंतर ३ वर्षांपर्यंत प्रचारबंदी. त्याच कायद्यात सूटही आहे, दावा खरा आहे का हे तुम्ही नीट तपासलं होतं असं दाखवता आलं तर. म्हणून ते लेबलचे फोटो, रिपोर्ट, मेल एका फोल्डरमध्ये तारखेसहित ठेवा.

मी सुचवतो तो मजकूर, पोस्टच्या पहिल्याच ओळीत: ‘ही जाहिरात आहे. या लेखासाठी मला या कंपनीकडून पैसे मिळाले आहेत. औषध त्यांनी फुकट दिलं. मत माझं आहे, लेख छापण्याआधी त्यांनी वाचला आहे.’ यातलं जे लागू नाही ते काढा. काहींना वाटते असं लिहिलं की लोक वाचणार नाहीत. उलट आहे हो, गावात कोणाकडून काय मिळालं हे तसंही चार दिवसात कळते, मग ते दुसऱ्याच्या तोंडून कळण्यात काय मजा.

कर

थोडक्यात. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून शेतीवरच्या ब्लॉगचं उत्पन्न करमुक्त होत नाही, ते वेगळं दाखवावं लागते. कंपनी टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापून पैसे देऊ शकते, पॅन द्या, कापलेलं रिटर्न भरून परत मिळू शकते. फुकट मिळालेली वस्तूही मोजतात: १ जुलै २०२२ पासून एका कंपनीकडून वर्षात २०,००० च्या वर किमतीची वस्तू मिळाली अन तुम्ही ती ठेवून घेतली तर त्यावर १० टक्के टीडीएस आहे, वापरून परत केली तर नाही. म्हणजे महागडा बॅटरी पंप किंवा ब्रश कटर ‘गिफ्ट’ म्हणून आला तर आधी विचारा, टीडीएस कोण भरणार. जीएसटीची नोंदणी सेवांना वर्षाला २० लाखांच्या वर लागते, तिथपर्यंत आपण कोणी पोचलो तर पेढे वाटू.

नाही कसं म्हणायचं

कंपनीला नाही म्हणणं सोपं, एक मेल. अवघड असते ते तालुक्याच्या कृषी केंद्रवाल्या काकांना, ज्यांच्याकडं तुमची स्वतःची खताची उधारी चालू आहे. ते पैसेही नाही बोलत, चहा सांगतात अन म्हणतात, ‘बापू, ह्या नव्या मालाबद्दल दोन ओळी लिहून टाक ना, तुले काय जड आहे?’ इथं तत्त्वाचं भाषण दिलं तर काका दुखावतील अन पुढच्या हंगामाला युरिया संपलेला असेल. मी सांगतो ते असं बोला: ‘काका, लिहितो, पण माझ्या वावरात एका पट्ट्यात मारून बघू द्या, दिवाळीनंतर जे निघालं ते लिहीन.’ यात नाही शब्दच आला नाही, अन काका बाटली द्यायला तयार असतील तर तुमचं ट्रायलही झालं. बाटलीचे पैसे मात्र देऊन टाका, नाहीतर उधारीच्या वहीत लिहायला लावा, म्हणजे वरच्या नियमांत ती फुकट वस्तू धरली जाणार नाही अन पोस्टमध्ये ‘विकत घेऊन वापरलं’ असं खरं लिहिता येईल.

अजून ठरत नसेल तर पहिल्या हंगामात औषध-टॉनिकवाल्यांना हातच लावू नका, अवजार नाहीतर ठिबकवाल्याची एखादी पोस्ट घ्या. वाचक काय बोलतात ते बघा, फोन किती येतात ते बघा, पैसे वेळेवर येतात का तेही बघा, अन मग पुढचं.

पोस्ट गेल्यावर कोणी म्हणालं की भाऊ माझ्याकडं काहीच फरक पडला नाही, तर ती कमेंट ठेवा, अन दोन-चार जण तेच म्हणाले तर लेखाच्या वर तारीख टाकून तसं लिहा. त्या मालाचा परवाना रद्द झाला, बॅच नापास झाली, तरी पोस्ट उडवू नका, वरती ठळक सूचना टाका, कारण ज्याच्या घरी अर्धी बाटली पडलेली आहे तो तीच पोस्ट शोधत परत येईल. अशी सूचना टाकायचा हक्क तुमचा राहील, हे कंपनीसोबतच्या लिखापढीत पहिल्याच दिवशी घालून ठेवा.